नावाचं शेपूट कापू नका

वडगाव घ्या. पुण्यात बसून नुसतं 'वडगाव' म्हटलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. वडगाव शेरी नगर रस्त्याच्या बाजूला, वडगाव बुद्रुक सिंहगड रस्त्याला, वडगाव मावळ तळेगावच्या पुढे जुन्या मुंबई रस्त्यावर. शहराच्या बाहेर पडलात तर शिरूर तालुक्यात वडगाव रासाई, बारामती तालुक्यात वडगाव निंबाळकर, जुन्नर तालुक्यात वडगाव आनंद आणि आंबेगाव तालुक्यात वडगाव काशिंबेग. ही सगळी एकाच जिल्ह्यातली. १७७९ ची प्रसिद्ध लढाई वडगाव मावळची, पण नुसतं 'वडगावची लढाई' लिहिलेल्या मजकुरावर नकाशाची खूण शेरीला लावून ठेवणारे लोक आहेत.

महाराष्ट्रातलं गावाचं नाव बहुतेक वेळा दोन तुकड्यांचं असतं. पहिला तुकडा सगळीकडे सारखा: वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, तळेगाव, कोरेगाव. ओळख पटते ती दुसऱ्या तुकड्यावरून, आणि लिहिताना गळतो तोही नेमका दुसराच. पत्ता असो, वंशावळ असो, ट्रेकची नोंद असो किंवा गावाचा इतिहास, चुकीची सुरुवात इथूनच होते.

हा दुसरा तुकडा कुठून येतो, ते ओळखता आलं पाहिजे. कधी तो घराण्याचा असतो: तळेगाव दाभाडे, तळेगाव ढमढेरे, वडगाव निंबाळकर. कधी नदीचा: कोरेगाव भीमा. कधी प्रदेशाचा: वडगाव मावळ. आणि सगळ्यांत जास्त वेळा तो बुद्रुक किंवा खुर्द असतो. हे दोन्ही शब्द फारसी. 'बुजुर्ग' म्हणजे मोठा, वडीलधारा. त्याचं मराठी तोंडी झालेलं रूप बुद्रुक. 'खुर्द' म्हणजे लहान. एका गावाची वस्ती वाढली, ओढ्यापलीकडे किंवा नदीपलीकडे दुसरी वसली, की मूळचं बुद्रुक आणि नवं खुर्द. म्हणून बुद्रुक-खुर्दची जोडी दिसली की नकाशावर दोघांच्या मधे पाणी आहे का, ते आधी बघावं. बऱ्याचदा असतं. पण आजच्या लोकसंख्येवरून बुद्रुक कोणतं हे ठरवायला जाऊ नका. शहराच्या कडेला खुर्द केव्हाच बुद्रुकपेक्षा मोठं होऊन बसतं आणि नाव मात्र तेच राहतं.

जुन्या कागदांत हे 'बु॥' आणि 'खु॥' असं दोन दंड देऊन लिहिलेलं सापडतं. इंग्रजी नोंदींतून उलटं मराठीत आणताना त्याचं 'बीके' आणि 'केएच' होतं, आणि मग दुकानाच्या पाटीवर 'आंबेगाव बीके' असं वाचायला मिळतं. नोंद करताना पूर्ण शब्द लिहा: आंबेगाव बुद्रुक. संक्षेप तुमच्या वहीत चालेल, दुसऱ्याच्या हाती जाणाऱ्या कागदावर नको.

आंबेगावाचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण पुणे जिल्ह्यात त्याच्याइतका घोळ दुसऱ्या नावाचा नसेल. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द ही कात्रजजवळची, आता शहरात मिसळून गेलेली गावं. आंबेगाव तालुका मात्र जिल्ह्याच्या उत्तरेला, घोड नदीच्या खोऱ्यात. त्या तालुक्याचं मुख्यालय आंबेगावात नाही, घोडेगावात आहे. आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. म्हणजे एका नावाच्या मागे दोन शहरी वस्त्या, एक तालुका आणि एक बुडालेलं गाव उभं आहे. कागदावर नुसतं 'आंबेगाव' दिसलं तर यातलं कोणतं, हे शेजारच्या गावांच्या नावांवरून ठरवावं लागतं. शेजारी मंचर, घोडेगाव, कळंब दिसलं तर उत्तरेकडचं. धायरी, कात्रज, जांभूळवाडी दिसलं तर दक्षिणेकडचं.

तालुक्याचं नाव एक आणि मुख्यालय दुसरं, हे आपल्या जिल्ह्यात इतक्या ठिकाणी आहे की पाठच करून ठेवावं. मावळचं मुख्यालय वडगाव, मुळशीचं पौड, पुरंदरचं सासवड, खेडचं राजगुरुनगर. खेडचंच नाव हुतात्मा शिवराम राजगुरूंच्या स्मरणार्थ बदलून राजगुरुनगर झालं, तालुका मात्र खेडच राहिला. हवेली नावाचं गाव तर शोधूनही सापडायचं नाही. मुख्य ठाण्याभोवतीच्या मुलखाला हवेली म्हणत, तोच शब्द तालुक्याला चिकटला. 'हवेलीला गेलो होतो' असा उल्लेख जुन्या पत्रात आला तर ते गावाचं नाव समजू नये.

जिल्हा ओलांडला की ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. कर्जत रायगड जिल्ह्यात आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. खेड पुण्यात आहे, रत्नागिरीत आहे, शिवाय साताऱ्याच्या वाटेवर खेड शिवापूर आहे. शिरूर पुणे जिल्ह्यात, शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. पुण्याच्या शिरूरला म्हणूनच लोक घोडनदी म्हणतात. कारंजा लाड वाशीम जिल्ह्यातलं, कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यातलं. मालेगाव नाशिक जिल्ह्यात आणि वाशीम जिल्ह्यातही. औंध पुण्यातलं वेगळं, साताऱ्यातलं संस्थानाचं औंध वेगळं. म्हणून गाव, तालुका, जिल्हा हे तिन्ही एका ओळीत लिहिल्याशिवाय नोंद पुरी झाली असं मानू नये. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी क्रमांक दिलेला आहे. तो शेजारी लिहून ठेवला की शुद्धलेखनाचा वाद उरत नाही.

महसुली गाव हा शब्दही नीट समजून घ्यायला हवा. सातबाऱ्यावर जे नाव असतं ते मौज्याचं: त्यात गावठाण आलं, शिवार आलं, वाड्या-वस्त्या आल्या. जुनी भाषा जास्त नेमकी होती. घरं जिथे आहेत ती पांढरी, शेतं जिथे आहेत ती काळी. एका मौज्यात चार-पाच वाड्या असू शकतात आणि एकीचंही नाव सातबाऱ्यावर नसतं. उलट बेचिराग गावं असतात: महसुली दप्तरात गाव जिवंत, जमिनीला गट नंबर आहेत, पण पांढरीवर एक घर नाही. अशा गावाची नकाशावरची खूण रानात पडलेली दिसली की लोकांना ती चूक वाटते. ती चूक नसते.

वाडी-वस्तीसाठीचे शब्द मुलूख सांगतात. घाटमाथ्यावर वाडी, देशावर मळा आणि वस्ती, ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात पाडा, मराठवाडा-विदर्भात बंजारा समाजाचा तांडा, गोंदिया-गडचिरोलीकडे टोला. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, आणि तो योग्यच होता. जुन्या कागदात ते नाव आलं असेल तर ओळख पटवण्यापुरतं संशोधनाच्या टिपणात राहू द्या. पत्त्यात आणि नकाशावर नवंच नाव लिहा.

आता पहिल्या तुकड्याबद्दल. त्यात झाडं फार: वड, पिंपळ, चिंच, बोर, बाभूळ, जांभूळ, उंबर, हिवर, पळस. चिंचवड, जांभूळवाडी, बाभूळगाव, हिवरे, पळसदेव ही नावं ऐकताच उलगडतात. त्याच नादात आंबा दिसला की आंब्याचं झाड असं म्हणायचा मोह होतो. अंबाजोगाई मात्र देवीवरून आहे. नुसत्या ध्वनीवरून व्युत्पत्ती सांगणं हा आपल्याकडचा जुना छंद आहे आणि त्याने फार नुकसान केलंय. एकदा छापलेली कल्पित कथा पुढच्या प्रत्येक स्मरणिकेत, प्रत्येक फलकावर उतरते. व्युत्पत्ती सांगायची तर मधली रूपं दाखवता आली पाहिजेत. प्रतिष्ठान, पइट्ठाण, पैठण ही साखळी दाखवता येते. करहाटकाचं कऱ्हाड, शूर्पारकाचं सोपारा, तगरचं तेर हे लेखांच्या आधाराने सांगता येतं. पुण्यासाठी राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत 'पुण्य विषय' आणि 'पूनक विषय' (विषय म्हणजे प्रांत) असे उल्लेख आहेत, तिथून बोलायला सुरुवात करता येते. सिंहगडाचंही तसंच. तानाजींच्या बलिदानानंतर, म्हणजे १६७० नंतर, कोंढाण्याला सिंहगड नाव पडलं ही कथा सगळ्यांना पाठ आहे, पण त्याआधीच्या शिवकालीन पत्रव्यवहारातही 'सिंहगड' हे नाव येतं. तानाजींचं मोल त्याने तसूभरही कमी होत नाही. नावाची तारीख मात्र बरोबर लिहिली गेली पाहिजे.

जमिनीच्या रूपाला असलेले शब्द हा आपल्या भाषेचा खरा ठेवा आहे, आणि तो नुसता 'डोंगर' आणि 'रस्ता' म्हणून सपाट केला जातो याचं वाईट वाटतं. घाट म्हणजे डोंगररांग ओलांडणारी वाट, मुख्यतः सह्याद्रीचा कडा उतरून कोकणात जाणारी. डोंगररांगेला घाट म्हणणं ही इंग्रजी नकाशांची सवय. मराठीत रांग ती सह्याद्री, तिच्यावरून उतरतो तो घाट, वरची कड तो घाटमाथा. शिवाय नदीकाठच्या पायऱ्यांनाही घाटच म्हणतात, तो वेगळा. खिंड म्हणजे दोन उंचवट्यांमधली फट, जिच्यातून पलीकडे जाता येतं. नाळ म्हणजे कड्याला पडलेली अरुंद, उभी, दगडधोंड्यांनी भरलेली घळ, जिच्यातून हातपाय वापरून उतरावं लागतं. मोहरी-सिंगापूरकडून रायगडाच्या बाजूला उतरणाऱ्या बोराट्याची नाळ आणि सिंगापूर नाळ या दोन वाटा नावातच सांगतात की इथे बैल चालणार नाही. याउलट नाणेघाट हा खराखुरा व्यापारी घाट. सातवाहनांचे लेख तिथल्या लेण्यात आहेत. नोंद करताना नाळेचा 'घाट' केलात, तर तुमच्या भरवशावर जाणारा माणूस पावसाळ्यात अडकतो.

माची, सोंड, दांड, धार, सुळका, कडा, पठार, सडा, माळ यांतही असाच फरक आहे. सोंड आणि दांड ही डोंगरावरून खाली उतरत आलेली धारेसारखी बाजू, चढाई बहुधा तिच्यावरूनच होते. सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार; देशावरच्या काळ्या कातळाच्या माळाला कुणी सडा म्हणत नाही. दख्खनचा काळा दगड लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराची उताराची पायरी होते. कडा-पठार-कडा अशी जी चढण आपल्याला सवयीची आहे ती यामुळेच, आणि तिच्या प्रत्येक पायरीला म्हणूनच वेगळा शब्द आहे.

खोऱ्यांचीही आपली भाषा आहे. पुण्याच्या पश्चिमेला मावळ: पवन मावळ, पौड मावळ, गुंजण मावळ, हिरडस मावळ. आजचा मावळ तालुका हा त्यातला एक भाग. पौड मावळ मुळशी तालुक्यात येतो, हिरडस मावळ भोरमध्ये. 'शिवरायांचे मावळे' म्हटलं की नुसता मावळ तालुका डोळ्यांपुढे आणू नये. जुन्नरकडे मावळाऐवजी नेर येतं: भामनेर, घोडनेर, मिन्नेर. त्या भागात नेराच्या आधी नदीचं नाव असतं, भामा, घोड, मीना. पण तोच नियम अमळनेर-जामनेरला डोळे मिटून लावू नका. पुण्याच्या दक्षिणेची भुलेश्वर रांग मुळा-मुठेचं पाणी आणि कऱ्हा-नीरेचं पाणी वेगळं करते. कात्रज, बोपदेव आणि दिवे हे तिन्ही घाट ती एकच रांग ओलांडतात. हे ध्यानात आलं की सासवडकडचे ओढे पुण्याकडे का येत नाहीत ते आपोआप समजतं.

नद्यांच्या नावांत फसगत अगदी सोपी. मुळा दोन आहेत. एक मुळशीकडून येऊन पुण्यात मुठेला मिळते आणि मुळा-मुठा होऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेत जाते. दुसरी हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघून प्रवरेला मिळते, तिच्यावर राहुरीजवळचं मुळा धरण आहे. 'मुळा धरण भरलं' ही बातमी पुण्याच्या पाण्याशी जोडू नये. पूर्णा तर तीन: विदर्भातली तापीला मिळणारी, मराठवाड्यातली गोदावरीला मिळणारी आणि गुजरातेत नवसारीकडे जाणारी. एकच नदी दोन नावांनीही असते. पंढरपुरी भीमेला वळणाच्या चंद्रकोरीमुळे चंद्रभागा म्हणतात. नदीची नोंद करताना ती कोणत्या नदीला आणि कुठे मिळते हे एवढंच लिहिलं तरी नव्वद टक्के गोंधळ मिटतो.

धरणांत तीन नावं वेगळी ठेवा: धरणाचं, जलाशयाचं, नदीचं. पानशेत हे धरण, तानाजीसागर हा जलाशय, आंबी ही नदी. भाटघर, येसाजी कंक जलाशय, वेळवंडी. उजनी, यशवंतसागर, भीमा. जायकवाडीत तर चौथं नावही येतं: धरण पैठणला, जलाशय नाथसागर, नदी गोदावरी, आणि जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातलं. १२ जुलै १९६१ ला फुटलेलं पानशेत धरण मुठेवरचं होतं असं सर्रास लिहिलं जातं. पूर मुठेला आला, पण पानशेत आंबीवर आहे.

आता प्रत्यक्ष नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. एक पत्रक १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश व्यापतं. आपल्या अक्षांशावर ते साधारण २७.७ किलोमीटर उंच आणि २६.४ किलोमीटर रुंद होतं. जुन्या क्रमांकपद्धतीत ४७ एफ हा ७३ ते ७४ अंश पूर्व आणि १८ ते १९ अंश उत्तर असा चौकोन, त्याचे सोळा भाग. मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यातून खाली, मग पुढचा स्तंभ. त्यामुळे शनिवारवाडा ४७ एफ/१४ वर येतो आणि पर्वती, सिंहगड ४७ एफ/१५ वर. १८ अंश ३० मिनिटांची रेघ शहरातूनच, स्वारगेट-पर्वतीच्या आसपास जाते. पुण्यासाठी एकच पत्रक घेतलंत की अर्धं शहर हातात येत नाही, म्हणून दोन्ही घ्या.

अक्षांश-रेखांश लिहिताना होणारी एक चूक जीवघेणी ठरू शकते. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे दशांशात १८.५०, १८.३० नव्हे. हा घोटाळा केला की बिंदू जवळपास २२ किलोमीटर दक्षिणेला, सिंहगडाच्याही पलीकडे जाऊन पडतो. बचावपथकाला असा बिंदू दिला तर काय होईल ते सांगायला नको. दशांशात चार अंक पुरेत, चौथ्या अंकाने साधारण ११ मीटरची अचूकता मिळते. जुन्या पत्रकांवरून वाचलेले आकडे आणि फोनवरचे आकडे पृथ्वीच्या आकाराच्या वेगवेगळ्या मापांवर बसवलेले असतात, म्हणून आकड्यांशेजारी ते कुठून घेतले हेही लिहा.

जुन्या पत्रकांवरची नावं रोमनमध्ये, आणि तिथून मराठीत परत येताना ती बिघडतात. ल आणि ळ दोन्हींना एकच अक्षर, ड कधी 'डी' तर कधी 'आर'. वानवडीचं इंग्रजी रूप वाचून 'वानवरी' लिहिणारे आहेत. खंडाळ्याचा बोरघाट इंग्रजीत भोरघाट झाला, आणि तो वाचून लोक त्याला भोर गावाशी जोडतात. भोर तिथून कितीतरी दक्षिणेला. भोरहून उतरतो तो वरंधा घाट, महाडकडे. उपाय एकच: रोमन नावाचं लिप्यंतर न करता सातबारा किंवा ग्रामपंचायतीच्या पाटीवरून मराठी नाव घ्यायचं.

मराठी मजकुरातून मूळ नाव काढतानाही विभक्ती आडवी येते. 'कोंढव्याला' म्हणजे कोंढवा, पण 'केळव्याला' म्हणजे केळवे आणि 'वेल्ह्याला' म्हणजे वेल्हे. 'सोलापुरात' मधला पु ऱ्हस्व, मूळ नावात पू दीर्घ. 'नाशकात' वरून नाशिक काढायला ते माहीतच असावं लागतं. मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द तोडलेले नसतात, तिथे गावाचं नाव कुठे संपलं हे शेजारचा 'मौजे' किंवा 'तर्फ', 'परगणे' हे जुन्या महसुली विभागांचे शब्द शोधूनच ठरवावं लागतं. त्यात पुण्याच्या पेठांची जुनी नावं आली तर आणखी जपून: रविवार पेठेचं जुनं नाव मलकापूर, शुक्रवार पेठेचं विसापूर. कागदात 'विसापूर' दिसलं की लोहगडाशेजारचा किल्लाच असेल असं नाही.

नावबदल झालेल्या ठिकाणी दोन्ही नावं आणि साल लिहा. कुलाबा जिल्ह्याचा रायगड १९८१ ला झाला. त्याआधीच्या कागदातला 'कुलाबा' मुंबईतला समजू नये. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ ला, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ ला. जुना दस्त उद्धृत करताना त्यातलं नाव बदलू नका, कंसात आजचं द्या.

बुडालेल्या गावांना तर दोन बिंदू द्यावेच लागतात. पळसदेवची नोंद अशी करता येईल: पळसदेव, ता. इंदापूर, जि. पुणे, मूळ गावठाण भीमाकाठी, आता यशवंतसागरात, पाणी उतरलं की जुनं देऊळ उघडं पडतं, सध्याचं गाव सोलापूर रस्त्यालगत. पहिला बिंदू देवळाचा, दुसरा ग्रामपंचायतीचा, आणि दोन्हींपुढे ते कोणत्या महिन्यात घेतले ते.